तळहातावरचा तुकडा

"मास्तर, जरा इकडे या," बाईंनी हाक मारली तेव्हा तो हातमोजे काढत होता. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आज तर तो नेहमीपेक्षाही उतरला होता. "बसा. आधी बघा, मग बोलू." खरं म्हणजे त्यांनी त्याला ते दाखवायलाच नको होतं. घरच्या माणसाची चाचणी घरच्या माणसानं वाचायची नाही, हा त्या खोलीचा नियम. तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला, आणि अक्षर त्याचंच. पण बाई उठल्या, खुर्ची त्याच्याकडे सरकवली, म्हणून तो बसला आणि त्यानं भिंगाला डोळा लावला. पहिल्या खळग्यात पेशी जिवंत होत्या, गोल, लख्ख, काठाशी चमकणाऱ्या. दुसऱ्यातही. हे दोन खळगे नुसते तुलनेसाठी ठेवायचे असतात. तिसऱ्यापासून मात्र सगळं काळवंडलेलं. पेशी फुगून, रंग पिऊन पडल्या होत्या. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेलीला दार लावायचं भान राहत नाही. चौथा खळगा, पाचवा, सहावा. एक म्हणून जिवंत नाही. पेशी त्याच्या स्वतःच्या होत्या, आणि ज्या सीरममध्ये त्या मेल्या होत्या ते त्याच्या बायकोच्या रक्ताचं होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर नेहमीसारखी रहदारी चालली होती, फ्रीज घुरघुरत होता, कुणीतरी टेबलावर अर्धा कप चहा विसरून गेलं होतं. सव्वीस वर्षं तो इथे दुसऱ्यांच्या पेशी दुसऱ्यांच्या सीरममध्ये मरताना बघत आला होता. अवयव द्यायला निघालेल्या माणसाच्या पेशी घ्यायच्या, घेणाऱ्याचं सीरम घ्यायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी, आणि दोघांना एका खळग्यात सोडून द्यायचं. पेशी जगल्या तर ऑपरेशन करा. मेल्या तर विषय संपला. असा अवयव आत बसवला तर तासाभरात काळा पडतो. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी तो तिला आपली एक देणार होता. तारीख ठरली होती, रजा मंजूर झाली होती, घरात दोन पलंगांच्या मधलं टेबल काढून जागासुद्धा केली होती.

"पुन्हा करू," तो म्हणाला.

"मी दोनदा केलंय, मास्तर."

"मी करतो."

"अहो, पण नियम..."

"नियम मीच लिहिलाय, बाई."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनीच त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढून घेतलं. "करा. मनाचं समाधान होऊ दे तुमचं," त्या म्हणाल्या. "सही मात्र माझीच राहील." त्यानं आपलं रक्त हळूहळू नळीच्या भिंतीवरून ओघळत सोडलं, नळी फिरवायला ठेवली, मधला ढगासारखा पांढरा थर अलगद उचलला, धुतला, पुन्हा धुतला. हात अजिबात थरथरला नाही, आणि त्याला त्या हाताचा राग आला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी माणसाचा हात कापतो, आणि ह्याचा बघा, स्वतःचं घर जळतंय आणि हा ठोंब्या एकेक थेंब मोजून टाकतोय. बायकोच्या नावाची नळी त्यानं हातात घेतली. आतलं सीरम स्वच्छ होतं, जरा गढुळसुद्धा नाही. आता तासभर थांबायचं, मग दुसरा पदार्थ घालून आणखी दोन तास. या कामात थांबणंच जास्त असतं. नव्या मुलींना तो सांगायचा, ज्याला थांबता येत नाही त्यानं दुसरं काहीतरी शोधावं.

नव्या मुली शिकायला आल्या की पहिल्या दिवशी तो फळ्यावर एक हात काढायचा. चित्रकलेत तो अगदीच ढ. पाच बोटं पाच दिशांना. मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. "हसा," तो म्हणायचा, "पण हा हात विसरू नका, सगळा खेळ ह्याचा आहे. बाहेरचं कुणी परकं अंगात शिरलं की पहाऱ्यावरची पेशी त्याला गिळते. गिळते, पोटात त्याचे बारीक तुकडे करते, आणि त्यातला एक तुकडा असा तळहातावर धरून चालू लागते. कुठे? गाठीत. घसा सुजला की मानेत हाताला लागतात ना, त्या गाठी. तिथे टी-पेशी बसलेल्या असतात. मोठ्या शहाण्या, पण एका बाबतीत ठार आंधळ्या. अख्खी वस्तू पुढ्यात आणून ठेवलीत तरी त्यांना दिसायची नाही. आपल्यातल्याच कुणीतरी ती तोडून, तुकडा करून, तळहातावर ठेवून दाखवावी लागते. दाखवली की ओळखतात. आणि एकदा ओळखलं की जन्मात विसरत नाहीत." एखादी धीट मुलगी विचारायची, आणि दाखवलंच नाही तर? "तर काही नाही. गिळलेलं पोटात राहतं. टी-पेशीला पत्ताही लागत नाही." मग तो दुसरा हात काढायचा, पहिल्याहून वाकडा. प्रत्येक माणसाचा तळहात वेगळ्या घडणीचा असतो, आणि आपण इथे दिवसभर माणसांचे तळहात जुळवत बसतो, असं म्हणून धडा संपायचा. मुली त्याला मास्तर म्हणू लागल्या, मग बाईही म्हणू लागल्या. घरी बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरंय, घरात नाही तर नाही, बाहेर तरी तू बोलतोस."

ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? घरीसुद्धा तोंडी तेच. पडद्याचं कापड आणलं तरी हे बरं की आधीचं, त्यानं दाढी वाढवली तरी तेच. पायावर सूज आली, चेहरा फुगला, तेव्हाही आरशापुढे उभी राहून म्हणाली होती, "हे बरं की आधीचं? भरल्यासारखी दिसते ना?" आठवड्यातून तीन दुपारी मशीनला जोडून घ्यायला लागली तशी दुकान सुटलं. पहिल्या महिन्यात ती मशीनवरच्या मुलीचा नंबर काढून आली होती. किडनीच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की तुमचे रक्तगट जुळतात, तुम्ही देऊ शकाल, तेव्हा त्याला आनंद झाला. साधासुधा नाही, लाज वाटावी असा. बायको खंगत चालली आहे आणि हा गडी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरतोय. शेवटी एकदाचं तिला काहीतरी देता येणार होतं. शेवटी म्हणजे कशाच्या शेवटी, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. काही प्रश्न असे असतात की त्यांच्या दारावरून माणूस रोज जातो आणि रोज चालण्याचा वेग वाढवतो.

पहिला तास संपला. त्यानं दुसरा पदार्थ घातला, घड्याळ लावलं आणि खुर्चीत मागे टेकला. आणि मग, नको नको म्हणत असताना, धड्याचा दुसरा भाग आपसूक त्याच्या डोक्यात सुरू झाला. एका माणसाच्या रक्तात दुसऱ्या माणसाविरुद्ध इतकं विष आपोआप तयार होत नाही. त्या दुसऱ्याचा तळहात पहिल्याच्या अंगाला कधीतरी दाखवला गेलेला असावा लागतो. त्याच्या तीनच वाटा, मुलींकडून तो त्या पाठ करून घ्यायचा. एक, परक्याचं रक्त. बायकोला ते कधी दिलेलं नव्हतं, अगदी त्या दिवशीसुद्धा नाही. दोन, आधी बसवलेला अवयव. प्रश्नच नाही. आणि तीन, गर्भ. मूल अर्धं आईचं, अर्धं बापाचं. बापाचा तळहात घेऊन ते नऊ महिने आईच्या पोटात राहतं; जन्मताना त्याच्या पेशी तिच्या रक्तात सांडतात. आईच्या पहारेकरी पेशी त्या गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि बापाच्या तळहाताचा तुकडा आईच्या तळहातावर ठेवून टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी विष बनवणाऱ्या कारखान्याला निरोप धाडतात. म्हणूनच पेशंट बाईमाणूस असेल तर तिला नवऱ्याला बाहेर घालवून एकटीला विचारायचं, गर्भ राहिला होता का, पडला का, पाडला का, जन्मून गेला का. दोनदा विचारायचं, कारण पहिल्यांदा माणसं खोटं बोलतात आणि तेही मायेनं. हाही नियम भिंतीवर होता. अक्षर ह्याचंच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बायकोचा फॉर्म त्यानं स्वतः भरला होता. ती शेजारीच बसली होती, नाकावर चष्मा घेऊन. नाव, वय, रक्तगट, आजार. मग तो रकाना आला: गर्भधारणा, एकूण किती. त्याचा पेन थांबला का? नाही, तेच तर आहे, थांबला नाही. त्यानं शून्य काढलं, चांगलं गोल, टोकं जुळवून. हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं. लोकांनी विचारावं, मुलंबाळं? आणि तिनं म्हणावं, नाहीत. तिनं म्हटलं म्हणून त्यानंही म्हणावं. एकोणीस वर्षं नाहीत, नाहीत म्हणता म्हणता ते नाहीतच झालं. पण ती बघत होती. आता, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याला स्पष्ट दिसलं की ती कागदाकडे बघत होती. दिवसभर लोकांना बारीकात बारीक अक्षर वाचायला लावणारी बाई, तिला ते शून्य दिसलं नसेल? तिनं ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या शून्यामुळेच बाईंनी तिची नळी सोप्या गठ्ठ्यात ठेवली, रक्तात काय काय दडलंय ते शोधणारी आधीची चाचणी मागे टाकली, आणि तीन आठवड्यांवरची तारीख पक्की झाली.

तो दिवस त्याला आठवायचा नव्हता आणि तो आठवत बसला. आठ महिने पूर्ण होऊन वर काही दिवस झाले होते. सकाळी बायको म्हणाली, आज ही हलत नाहीये. मुलगी आहे असं तिनं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते खरंही निघालं. संध्याकाळपर्यंत तिला भूल देऊन पोट उघडावं लागलं. बाहेर बाकावर तो आणि त्याची थोरली बहीण, अक्का. अक्कानं तीन मुलं वाढवलेली, तिला सगळं ठाऊक असायचं. एक नर्स दार लोटून बाहेर आली, तिच्या हातात हिरव्या कापडात गुंडाळलेलं होतं. तिनं कापड बाजूला केलं आणि त्यानं पाहिलं. दोन मिनिटं असतील, कमीही असेल. "आईला दाखवायचं ना शुद्धीवर आल्यावर?" नर्सनं विचारलं. अक्का पटकन म्हणाली, "नको गं बाई, पाहिलं की जीव गुंततो. न पाहिलेलं विसरता येतं." नर्स अक्काशी बोलतच नव्हती. ती ह्याच्याकडे बघत होती. "तुम्ही सांगा. नीट विचार करून सांगा, हे पुन्हा दाखवता येत नाही." त्यानं मान हलवली. ती उभीच राहिली. तिनं पुन्हा विचारलं. "नको," तो म्हणाला, "दाखवू नका." मग कापड पुन्हा जागेवर गेलं, दार बंद झालं. तिसऱ्या दिवशी बायकोनं छताकडे बघत विचारलं होतं, "कुणासारखी होती?" तो म्हणाला, "तू आराम कर." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. घरी अक्कानं कपाटातला बाळाच्या कपड्यांचा कप्पा रिकामा करून ठेवला होता, त्यात पुढे जुनी बिलं आणि इस्त्रीची वायर राहू लागली. दोन वर्षांनी तो एकदा भीत भीत म्हणाला, पुन्हा बघायचं का आपण? ती नाही म्हणाली, इतकं कडक की तो विषय त्यानं जन्मभरासाठी मिटवून टाकला. दुःख अजून ताजं आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

घड्याळ वाजलं. त्यानं रंग घातला, प्लेट भिंगाखाली सरकवली. पहिला खळगा जिवंत. दुसरा जिवंत. तिसऱ्यापासून सगळं मेलेलं. त्यानं सीरम पातळ करून बघितलं होतं, निम्मं, पाव, आणखी पातळ, ओळीनं. पाचशे बारा पट पातळ करूनही त्याच्या पेशी मरत होत्या. एकोणीस वर्षं झाली होती आणि काही म्हणता काही उतरलं नव्हतं. तो आठवणार नाही म्हणून बसला होता, ती बोलणार नाही म्हणून बसली होती, आणि तिच्या अंगात कुणीतरी रोज उठून त्या मुलीची आठवण नव्यानं तयार करत होतं. त्यानं डोळे पुसले तेव्हा भिंगाच्या रबराचा गोल ठसा डोळ्याभोवती उमटलेला होता. बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात फॉर्म होता.

"मास्तर, हे शून्य कुणी लिहिलं?"

"मी."

"होतं ना काहीतरी?"

"मुलगी होती."

बाई इथे आल्या त्याच्या आधीची ती गोष्ट; त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी डॉक्टरांना फोन केला. रक्त धुऊन असलं विष काढता येतं, पण इतकं असेल तर ते हात लावणार नाहीत म्हणाले. तुमची किडनी नाही चालायची. यादीत नाव घालू म्हणाले, कुणी परका जुळला तर." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, अशी सवय त्यांना नव्हती. "तुम्ही सांगणार, की मी येऊ बरोबर?"

"मीच सांगतो," तो म्हणाला. यादीत पाच-पाच, सात-सात वर्षं नावं पडून राहतात आणि मग वरून एक रेघ ओढली जाते, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

डायलिसिसचा हॉल समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दुपारचं ऊन पडद्यातून आत आलं होतं आणि दोन ओळींत मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं पडून होती, कुणी झोपलेलं, कुणी मोबाइल बघत. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. डाव्या हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेल्या होत्या आणि तिचं रक्त चाकाखालून फिरून परत तिच्यात येत होतं. स्टूल ओढून तो बसला. तिनं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"जुळत नाही ना?"

त्यानं मान हलवली.

"रक्तगट तर जुळतो म्हणाले होते."

"तो जुळतो. पण तुझ्या रक्तात... माझ्याविरुद्ध काहीतरी आहे. फार आहे."

"ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनच आहे," ती म्हणाली आणि हसली. शेजारच्या खुर्चीतले आजोबाही डोळे मिटल्या मिटल्या हसले.

"हसू नकोस गं."

"मग काय करू? रडले की प्रेशर वाढतं, मग ती मशीनवरची मुलगी ओरडते." तिनं चादर छातीपर्यंत ओढली. "पण असं कसं आलं? मला कधी कुणाचं रक्त नाही चढवलं."

"रक्तानं नाही आलं."

"मग?"

इथे त्यानं धडा सुरू केला. दुसरं काही त्याला बोलताच येत नव्हतं. पहारेकरी पेशी, गिळणं, तुकडे, तळहात. सव्वीस वर्षांत शेकडो मुलींना सांगितलेलं, त्यातलं एक अक्षर त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. मुलाच्या पेशी आईच्या रक्तात सांडतात, इथवर तो आला आणि धडा तिथेच सोडला.

"तिच्यामुळे," तो म्हणाला.

एकोणीस वर्षांत तो शब्द त्यांच्यात पहिल्यांदा आला होता. बायकोचा चेहरा तसाच राहिला. मशीनचं चाक फिरत होतं. ती बारीक आवाजात म्हणाली, "तिच्यात अर्धा तू होतास."

"हो."

"ते माझ्या अंगाला दिसलं."

"दिसलं म्हणजे, दाखवलं गेलं. दाखवल्याशिवाय..."

"अंगाला दाखवलं," ती म्हणाली. "मला नाही दाखवलंत."

तिनं उजव्या हातानं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसायचे.

"मला वाटायचं तिला तोंड नसणार," ती म्हणाली. "किंवा डोकं. मी खूप प्रकार करून बघितले मनात. रोज वेगळा. दुकानात बायका लहान पोरांना घेऊन यायच्या, डोळे तपासायला, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत विचार करायचे, ह्यातलं काय नव्हतं माझ्याकडे? दाखवली नाहीत, म्हणजे दाखवण्यासारखी नसणार. तू सांगत नव्हतास, म्हणजे सांगण्यासारखंही नसणार. म्हणून तर दुसरं नको म्हणाले. माझ्या पोटात तसलंच होणार पुन्हा, असं वाटलं."

"अगं, काय बोलतेस हे?" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की आजोबांनी डोळे उघडले. "काही नव्हतं तसं. अख्खी होती. अख्खी, चांगली होती. नुसती झोपल्यासारखी."

"मग का नाही दाखवलीत?"

अक्का म्हणाली म्हणून, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. एकोणीस वर्षं ते तिथेच तयार होतं. "अक्का नको म्हणाली," तो म्हणाला, "पण तिचं काही नाही. नर्सनं मला विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी नको म्हटलं." त्याला वाटलं ती ओरडेल, हात झिडकारेल. निदान तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं मान खिडकीकडे वळवली. मशीन टिंगटिंग वाजू लागलं, तशी मशीन बघणारी मुलगी धावत आली, आकडे बघितले, बटणं दाबली. "काकू, प्रेशर केवढं चढलंय! काका, तुम्ही भांडायला येता का इथे? बाहेर बसा बरं जरा." बायको खिडकीकडेच बघत म्हणाली, "राहू दे त्यांना." मुलगी पुटपुटत गेली. अजून दोन तास राहिले होते. तो स्टूलवर बसून राहिला. नळीतलं रक्त गडद जायचं आणि तसंच गडद परत यायचं, बघणाऱ्याला काही फरक कळू नये असं. तिच्या गालावरून पाणी उतरून कानात जात होतं आणि ते पुसायला त्याचा हात उठत नव्हता. आपण हिची मुलगी नेली नाही, ते कुणाच्या हातात नव्हतं. आपण मुलीचं तोंड नेलं, आणि त्याच्यापाठोपाठ जी कोण दुसरी यायची होती तीही नेली, असं काहीतरी त्याच्या मनात सरळ वाक्य होऊन उभं राहिलं आणि हटेना. आणि आता देतो म्हटलेली किडनीही नाही.

"सांग," ती म्हणाली.

"काय?"

"तू पाहिलीस ना? मग सांग."

"केस होते. खूप. काळे, ओले, कपाळाला चिकटलेले. एवढे केस असतात हे मला माहीतच नव्हतं."

"पुढे?"

"डावा कान दुमडलेला होता. वरून, पुस्तकाचं पान दुमडतात तसा. मला वाटलं आपण बोटानं सरळ करावा. नाही केला."

"पुढे?"

"नखं. नखं वाढली होती तिची. कापायला झाली होती."

बायकोच्या गळ्यातून एक आवाज आला. तो थांबला. ती म्हणाली, "थांबू नकोस. आणखी?"

त्यानं डोळे मिटले आणि शोधू लागला. फरशीचे चौकोन आठवले, एक काळा एक पांढरा. नर्सच्या चपलेचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडलेला होता तो आठवला. अक्काच्या पिशवीची चेन, भिंतीवरचं घड्याळ, पंख्याचा आवाज, हिरव्या कापडावरचा इस्त्रीचा पिवळा डाग. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त मधलं, ज्याच्यासाठी हे सगळं होतं, ते त्यानं इतकी वर्षं आत दाबून दाबून विरघळवून टाकलं होतं.

"नाक कसं होतं?" तिनं विचारलं. "माझं की तुझं?"

"नाही आठवत."

"ओठ?"

त्यानं मान हलवली. खोटं सांगावं का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. तिला कळलं असतं, आणि उरलेल्या तिन्ही गोष्टीही मग खोट्या झाल्या असत्या. "एवढंच राहिलंय माझ्याकडे," तो म्हणाला. "केस, कान आणि नखं. बाकीचं मी घालवलं गं."

तिनं मोकळा हात चादरीवर ठेवला होता, तो तसाच होता, त्याच्या दिशेनं आला नाही आणि मागेही गेला नाही. समोरच्या ओळीत कुणाचं तरी संपलं होतं, त्याच्या नळ्या काढत होते. ऊन सरकून तिच्या पायांवर आलं होतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "केसांपासून. सावकाश सांग."